केसभर खालची रेघ

मुकादम मॅडम गेल्याची बातमी कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी ती खरी मानली नाही. त्या ग्रुपचा लौकिक मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच ग्रुपने आमच्या एका निवृत्त ग्रंथपालांना श्रद्धांजली वाहिली होती आणि संध्याकाळी त्या गृहस्थांनी स्वतःच सगळ्यांचे आभार मानले होते. म्हणून मी फोन लावत सुटले. पहिली म्हणाली, ‘मला दुसरीकडून कळलं.’ दुसरी म्हणाली, ‘मी ग्रुपवरच वाचलं गं.’ तिसरा म्हणाला, ‘सगळे म्हणतायत म्हणजे खरंच असणार ना!’ चौथा फोन लावताना माझ्या लक्षात आलं, की मी हुबेहूब मॅडमसारखी वागते आहे. ‘कोणी पाहिलं? स्वतःच्या डोळ्यांनी कोणी पाहिलं?’ हे त्यांचं पेटंट वाक्य. शेवटी रिक्षा करून पनवेलला त्यांच्या मोहल्ल्यात गेले. घराबाहेर चपलांचा ढीग होता, आतून बायकांचा कुराण वाचण्याचा आवाज येत होता, आणि जनाजा निघून तासभर झाला होता. मग मात्र मानावं लागलं.

त्याला आता सात आठवडे होत आले. ग्रुपवर अजून अधूनमधून कोणीतरी आठवण टाकतं. ‘अत्यंत मृदू स्वभावाच्या’, ‘सर्वांना सांभाळून घेणाऱ्या’, ‘मातृतुल्य’... मी वाचते आणि मला शंका येते, की ही मंडळी भलत्याच बाईंबद्दल लिहितायत. डॉ. झुलेखा मुकादम मृदू नव्हत्या. फार्मसी कॉलेजात इतकी वर्षं शिकवणारी त्यांच्याइतकी संशयी बाई मी दुसरी पाहिली नाही. प्रयोगशाळेत एकाच भिंतीवर दोन थर्मामीटर टांगलेले, कारण एकट्यावर विसंबायचं कसं? मासळीबाजारात पापलेटचे कल्ले उघडून तर सगळेच बघतात. या बाई कल्ल्याला बोट लावून ते पांढऱ्या रुमालाला पुसायच्या, वरून रंग लावलाय का ते तपासायला. त्या लांबून येताना दिसल्या की कोळणी एकमेकींना म्हणायच्या, ‘आली बग डाक्टरीन, आता मासा जिता करून दाखवाया लागंल!’ विद्यार्थ्याच्या तोंडून ‘साधारण’ हा शब्द निघाला की चष्म्यावरून बघत विचारायच्या, ‘साधारण म्हणजे किती, बेटा?’ मी त्यांना आधी घाबरले, मग त्यांच्यावर चिडले आणि पुढे तर त्यांना चक्क शत्रू समजले. हा भाग ग्रुपवर लिहिण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी बेलपाड्याची. खारघर म्हटलं की लोकांना उंच इमारती दिसतात, पण त्यांच्या मधोमध आमचं गाव अजून आहे. माझ्या लहानपणी खाडीच्या काठाला मारांडी माजलेली असायची. काटेरी कडांची पानं, निळसर फुलं. त्यातून चालत गेलं की पोटऱ्या ओरबाडून निघायच्या. गावात कोणाचा गुडघा सुजला, कोणाचा पाय मुरगळला, की मारांडीचा पाला गरम करून बांधायचा, आणि तो बांधायला माझ्या आईला बोलवायचं. पीएच.डी.साठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मॅडमसमोर मारांडीचं नाव घेतलं आणि त्या हसतील असं धरून चालले. त्या हसल्या नाहीत. ‘आई ज्यांना पाला बांधते, त्यातल्या किती जणांची सूज उतरत नाही?’ एवढंच त्यांनी विचारलं. घरी येऊन आईला हा प्रश्न सांगितला तर ती उखडलीच. ‘आमी बांधतो, सूज उतरते. ज्याची नाय उतरत तो सांगाया येतो कशाला?’ हे उत्तर मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी पहिल्यांदाच कौतुकाने मान डोलावली. ‘तुझी आई हुशार आहे. माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं तिने.’ मला तेव्हा त्यातली खोच कळली नाही.

बेलपाड्याची खाडी तोवर भरावाखाली गेली होती. उलव्याला माझे मामा राहायचे, त्यांनी तिथल्या किनाऱ्यावरून पोतं भरून पाला आणून दिला. तो सावलीत वाळवायचा, दळायचा, त्याचा अर्क काढायचा आणि पांढऱ्या उंदरांना तोंडावाटे द्यायचा. नंतर उंदराच्या मागच्या पावलात समुद्री शेवाळापासून केलेली एक पावडर पाण्यातून टोचायची. तीन तासांत पाऊल टम्म सुजतं. सूज मोजायची रीत साधी आहे. घोट्यापाशी शाईची रेघ ओढायची, त्या रेघेपर्यंत पाऊल काचेच्या नळीतल्या पाण्यात बुडवायचं आणि पाणी किती वर चढलं ते वाचायचं. उंदीर शाई चाटून टाकतात, म्हणून दर वेळी मोजण्याआधी रेघ नव्याने ओढावी लागते. ज्यांना नुसतं पाणी पाजलं त्यांची पावलं सुजलेलीच राहतात, ज्यांना बाजारातलं नावाजलेलं औषध दिलं त्यांची सूज कमी होते, आणि तुमच्या वनस्पतीचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो यावर तुमचं नशीब ठरतं.

माझी मारांडी त्या नावाजलेल्या औषधाच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एकदा, दोनदा, तीनदा! मी आनंदाने वेडी झाले होते. घरी सांगितलं, आईने गावभर सांगितलं, ‘माज्या पोरीनं सिद्द केलंय.’ मी पेढे घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, आकड्यांचा कागद समोर ओढला आणि पेढा तसाच कागदावर ठेवून दिला. ‘इतकं चांगलं?’ म्हणाल्या. मग सुरू झाली त्यांची उलटतपासणी. टोचायची पावडर जुनी तर नव्हती? पाणी पाजलेले उंदीर वयाने मोठे होते का? पाला भरताना मामांनी त्यावर काही फवारलं होतं का? एकेक शंका मी खोडून काढत गेले. आठवडा झाला, पेढा खाल्ला गेला नाही, आणि एका सकाळी त्या म्हणाल्या, ‘या वेळी बाटल्या मी भरणार. त्यांच्यावर फक्त अ, ब, क, ड. कुठल्या बाटलीत काय आहे ते लिहिलेला कागद माझ्या कपाटात राहील. तू मोजायचंस.’

मला फार लागलं ते. ‘माझ्यावर विश्वास नाही का, मॅडम?’ मी विचारलं. ‘तुझ्यावर आहे. मोजणाऱ्या हातावर नाही, मग तो कोणाचाही असो,’ त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बोलायला काय जातं... आमच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याने तेवढ्यात माझे कान भरले होते, की बाईंना दुसऱ्याच्या नावावर मोठं काम झालेलं खपत नाही. आता तुझी मारांडी कशी हळूच त्यांची होते ते बघच. मी ते ऐकून घेतलं होतं आणि खरं सांगायचं तर जपूनही ठेवलं होतं.

चारही बाटल्यांना मॅडमनी साखर जाळून रंग दिला होता, अर्क रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून. पण मी काय कमी? चारही बाटल्या खिडकीशी धरून बघितल्या. ड सगळ्यांत गडद होती. म्हणजे ड मध्ये माझा अर्क, आणि तोही मोठ्या मात्रेचा, हे मी मनाशी पक्कं केलं. मोजलं. आकडे छानच आले. ड ची सूज सगळ्यांत कमी! मॅडमसमोर वही ठेवताना मी हसू दाबत होते. त्यांनी कपाटातून कागद काढला आणि वाचायला माझ्याच हातात दिला. ड मध्ये नुसतं पाणी होतं. पाणी आणि जास्तीची जाळलेली साखर. माझा मोठ्या मात्रेचा अर्क ब मध्ये होता, आणि ब चे आकडे जेमतेम होते.

‘तुम्ही बाटल्या बदलल्यात,’ मी म्हणाले. ड च्या पिंजऱ्यातून त्यांनी एक उंदीर उचलला, दिव्याखाली त्याचं पाऊल धरलं आणि मला जवळ बोलावलं. सकाळी ओढलेली रेघ पुसट झाली होती, पण दिसत होती. तीन तासांनंतर मोजताना मी ओढलेली नवी रेघ तिच्या खाली होती, बोटांच्या बाजूला, केसभर. रेघ खाली आली की पाऊल पाण्यात कमी बुडतं, आणि पाऊल कमी बुडालं की सूज कमी दिसते. दुसरा उंदीर, तिसरा उंदीर... सगळ्यांची तीच गत. मग त्यांनी ब मधला एक उंदीर दाखवला. त्याच्या दोन्ही रेघा एकावर एक होत्या. मी हे सगळं धडधडीत पाहिलं आणि म्हणाले, ‘शाई पसरली असेल.’

त्यानंतरच्या सोमवारी मला कळलं, की मॅडम रविवारी प्रयोगशाळेत एकट्याच बसून होत्या आणि त्यांनी मारांडीचा प्रयोग पुन्हा केला होता. मला न सांगता! झालं, सहकाऱ्याने भरलेले कान कामी आले. मी त्यांना जाब विचारला. ‘काय आलं मग तुमचं?’ ‘माहीत नाही,’ त्या म्हणाल्या. दिवसभर मोजत बसलेली बाई म्हणते, माहीत नाही! याहून उघड चोरी कोणती असणार? महिन्याभरात मी मार्गदर्शक बदलले. नव्या सरांनी माझे पहिले आकडे पाहिले, पाठ थोपटली आणि बाटल्यांचा प्रश्नच काढला नाही. त्या आकड्यांवर मला पदवी मिळाली, लेख छापून आला, नोकरी लागली. मी एकही आकडा मनाने रचला नव्हता, हे मी स्वतःला वारंवार सांगत असे. ते खरंही होतं. नळीत जे दिसलं तेच मी लिहिलं होतं.

पुढची काही वर्षं मी वाट बघत होते, मॅडम माझ्याविरुद्ध लिहितील याची. विद्यापीठाचं पाकीट आलं की फोडण्याआधी ते उजेडात धरून बघायचे. त्यांनी लिहिलं नाही, तर मला त्यातही डाव दिसला. एखादी बाई हाती पुरावा असताना गप्प का बसेल? योग्य वेळ बघत असणार. कुठल्या परिषदेत त्या दिसल्या की मी दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे.

तीन वर्षांपूर्वी पळस्प्याला मात्र गाठ पडलीच. मी पेणला निघाले होते, त्या गोव्याच्या गाडीतून उतरल्या होत्या, आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही समोरासमोर आलो. चहाचा ग्लास उजेडात धरून त्यांनी तो विसळलाय का ते बघितलं, मग मला म्हणाल्या, ‘आई कशी आहे? सांधे कसे आहेत तिचे?’ आईच्या बोटांची पेरं तेव्हा सुजायला लागली होती. सकाळी तिला मूठ वळता यायची नाही. ती रोज पाला बांधायची आणि मी रोज तो गरम करून द्यायचे. ‘उत्तम आहेत,’ मी म्हणाले, ‘पाला बांधते ना.’ त्यांनी माझ्याकडे पापलेटकडे बघायच्या तसं बघितलं. ‘पाला बांधू दे. पण डॉक्टरला दाखव. उशीर नको करूस.’ आणि निघताना म्हणाल्या, ‘घरी ये एकदा. एक गोष्ट तुझ्यासमोर उघडायची राहिलीय.’ मी ‘येते’ म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. उघडायची राहिलीय! म्हणजे सगळं जमवून ठेवलंय बाईने. आणि आईच्या निमित्ताने माझ्या मारांडीला टोमणा मारायची संधीही सोडली नाही. डॉक्टरला दाखवायचं मी मनात आणलं होतं, ते त्या दिवशी हट्टाने बाजूला ठेवलं. दाखवलं असतं तर मॅडमचं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं असतं ना!

आठ महिन्यांनी आईला चमचा धरता येईना, तेव्हा नेलं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं, की हा वाताचा आजार आतून सांधे खातो. औषधं वेळेवर सुरू केली असती तर ही वेळ आली नसती. आता आजार थांबवता येईल, पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. आई मला रागावली असती तर बरं झालं असतं. घरी येताना रिक्षात उलट मलाच समजावत होती, ‘वय झालं गो वैशू. तू कशाला रडतंस?’

हे मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं. दोन वर्षं मी रोज उद्यावर ढकललं. आणि मग ती बातमी आली.

त्या दिवशी बायकांची गर्दी जरा ओसरल्यावर मॅडमच्या थोरल्या बहिणीने, खतीजाआपाने, मला आतल्या खोलीत नेलं. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या. आपा उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा आणि औषधांचा संबंध फक्त डोकेदुखीच्या गोळीपुरता. त्यांनी एक मोठं पाकीट माझ्या हातात दिलं. आत मॅडमच्या अक्षरातला आकड्यांचा एक कागद होता आणि एक लहान, चिकटवलेलं, न उघडलेलं पाकीट.

‘ती एका रविवारच्या आधी बाटल्या घरी घेऊन आली होती,’ आपा सांगू लागल्या. ‘मला म्हणाली, आपा, या तू तुझ्या हाताने दुसऱ्या बाटल्यांत ओत, साखर जाळून सगळ्या एका रंगाच्या कर, नंबर टाक, आणि कुठल्या नंबरात काय ते लिहून पाकीट बंद कर. मला कळता कामा नये. अगं, दवा तुझी, प्रयोग तुझा, आणि तुलाच कळायला नको? ही कसली तऱ्हा? पण केलं मी. ती बाहेरच्या खोलीत दार लावून बसली होती. नंतर मी किती वेळा म्हटलं, फोड की आता ते पाकीट. म्हणायची, काम वैशालीचं आहे, तिच्यासमोरच फोडणार. येईल ती.’ आपांनी पदराने डोळे पुसले. ‘तू आलीच नाहीस गं.’

इतकी वर्षं... मला वाटत होतं त्या माझी चोरी करतायत, मग वाटलं माझ्यावर खटला रचतायत. आणि ‘माहीत नाही’ हे त्यांचं उत्तर अक्षरशः खरं होतं. आपांसमोर मी पाकीट फोडलं, नंबर आकड्यांशी लावून बघितले. मारांडीला गुण आहे. थोडा आहे. नुसत्या पाण्यापेक्षा बरा, नावाजलेल्या औषधाच्या जवळपासही नाही. मुरगळलेल्या पायाला पुरेसा असेल. आईच्या बोटांना पुरणारा नव्हता, आणि ते मला तेव्हाच कळू शकलं असतं.

त्या कागदाच्या डोक्याशी मॅडमच्या पद्धतीप्रमाणे सगळी माहिती लिहिलेली आहे. खोलीचं तापमान, दोन्ही थर्मामीटरचं वेगवेगळं. उंदरांची वजनं. पावडर कधी कालवली ती वेळ. आणि त्याखाली, तितक्याच कोरड्या अक्षरात स्वतःबद्दलची एक ओळ: ‘मोजणारी आज रागावलेली आहे. हा अर्क फोल ठरावा असं तिला वाटतं आहे. आकडे तसे वाचावेत.’

ती ओळ वाचून मी मोठ्याने रडले. आपांना वाटलं मॅडमसाठी रडते आहे. काही अंशी तेही खरंच होतं. माझ्या वह्यांमध्येही तापमान आहे, वजनं आहेत, वेळा आहेत. मोजणारीबद्दल एक अक्षर नाही.

गेल्या आठवड्यात आईला सगळं सांगितलं. ती अंगणात बसून वाकड्या बोटांनी शेंगा सोलत होती, सोलता सोलता ऐकत होती. ‘म्हंजे त्या बाईला ठावं होतं,’ ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, तिलाही माहीत नव्हतं, ती माझी वाट बघत होती. आईने हातातली शेंग ठेवली. ‘मंग जाया पायजे होतंस तू,’ म्हणाली, आणि पुन्हा सोलायला लागली. माझ्या आईने मला दिलेला दोष तो एवढाच.

काल मी माझा तो लेख छापणाऱ्या संपादकांना पत्र पाठवलं, लेख मागे घ्यावा म्हणून. विद्यापीठालाही कळवलं आहे. पदवीचं, नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. पत्राच्या नमुन्यात एक रकाना होता: चूक कशामुळे झाली? तिथे काय लिहावं यात माझी अख्खी सकाळ गेली. शाई, उपकरण, उंदरांचं वय, सगळं लिहून खोडलं. शेवटी एकच वाक्य ठेवलं. मोजणारी त्या पाला बांधणाऱ्या बाईची मुलगी होती.